बंद खोक्याचा आवाज

चष्मेवाल्याच्या उंच खुर्चीत बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायची वेळ आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येकावर कधी ना कधी आलेली आहे. नाकावर तो जड सांगाडा चढवायचा, त्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि दर वेळी विचारायचं, "आधीचं बरं, की आत्ताचं?" आपण म्हणावं, "आत्ताचं." मग तो मान तिरकी करून असा बघतो, की आपलाच आपल्यावरचा विश्वास उडावा. "नक्की?" असं म्हणून पुन्हा आधीची काच घालतो. मला एकदा त्याने इतका वेळ बसवून ठेवलं की शेवटी मी म्हटलं, "बाबा रे, काचा राहू देत, आता डोळेच बदल."

हा धंद्यातला प्रश्न धंद्यात राहिला असता तर तक्रार नव्हती. पण तो दुकानाचा जिना चढून वर घरात येतो. पडदा जरा सारून, "आधीचं बरं, की आत्ताचं?" खुर्ची खिडकीजवळ ओढून, "आधीचं बरं, की आत्ताचं?" त्याची बायको एका दवाखान्यात क्ष-किरण फोटो काढते. मोठी खमकी बाई. ती म्हणते, "मला अजून समोर बसवून हा प्रश्न विचारला नाही, हेच माझं नशीब." मी म्हटलं, "वहिनी, विचारायला आधीची कुणी असावी लागते ना." तेव्हापासून ती मला चहा जरा कमी साखरेचा देते.

माणूस वाईट नाही. फक्त बसत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दारात उभा राहील, आत येईल, मांडणीवरच्या फ्रेमा सरळ करील, सरळ केलेल्या तिरक्या करील, मग वर एक खेप टाकून येईल. वर कशाला, तर घोडे बघायला.

घोडे म्हणजे प्लास्टिकचे. जोडायच्या ठोकळ्यांचे खेळ येतात ना पोरांचे, त्यातला हा एकच प्रकार तो जमवतो : टोप्या, पिस्तुलं, घोडे, लाकडी गावं, तुरुंग, बँक आणि बँक लुटणारे. बोटाच्या पेरांएवढी माणसं. कुणाच्या छातीवर तारा, कुणाच्या नाकावर रुमाल. बाहेरच्या खोलीत काचेची कपाटं लावून त्याने हे सगळं वाळवंट वसवलंय. त्याच्या घराण्यात घोड्यावर कुणी बसलेलं नाही. तो स्वतः जत्रेतल्या लाकडी घोड्यावर एकदा बसला होता, तेव्हा उतरल्यावर त्याला बराच वेळ धरून ठेवावं लागलं होतं म्हणतात. मग ही आवड आली कुठून? मी विचारलं, तर म्हणाला, "काका, तिथे सगळं स्पष्ट असतं. काळी टोपी म्हणजे चोर. तारा म्हणजे शेरीफ, तिथला फौजदार. दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही." म्हणजे बघा, ज्याला स्वतःला कशाचीच खात्री नाही त्याला असलं गाव आवडणारच.

जुन्या बाजारातून आणलेली ही माणसं मळलेली असतात. चष्मे धुवायचं एक यंत्र त्याच्या दुकानात आहे, पाण्याला थरथर आणून मळ काढणारं. त्यात चष्म्यांबरोबर हे दरोडेखोरही आंघोळ करतात. पोस्टातल्या बाईंच्या चष्म्याच्या बिजागरीत एकदा बोराच्या बीएवढी टोपी निघाली. बाई परत द्यायला आल्या तर हा टोपी बघून इतका हरखला, की चष्मा बरोबर लागलाय का हे विचारायचंच विसरला. तेव्हापासून रस्त्यावर त्याचं नाव शेरीफ. तोंडावर 'शेरीफसाहेब', मागे नुसतं 'घोडा'.

आता त्या खोक्याबद्दल.

त्याच्या सगळ्या संग्रहात एकच खोकं बंद होतं. मोठं, लांबट, वर चित्र : एक अख्खं गाव, मधोमध दुमजली हॉटेल, समोर घोडागाडी. खेळण्यांचं एक दुकान बंद होताना त्याला ते मिळालं होतं आणि कंपनीने हा खेळ काढणं केव्हाच थांबवलं होतं. ज्याला हा नाद आहे त्याच्या लेखी उघडलेलं खोकं म्हणजे खेळणं, आणि न उघडलेलं खोकं म्हणजे देवच. ते उघडायचं नसतं. ते आहे एवढ्यावर समाधान मानायचं असतं. आमचा शेरीफ म्हणायचा, "दुकान बंद करीन ना, म्हातारपणी, तेव्हा निवांत बसून उघडीन." हे वाक्य तो इतकी वर्षं म्हणत आला, की त्याचे केस पिकले आणि खोक्याचा रंग तेवढा तसाच राहिला.

रंग राहिला, कारण खोकं ठेवलं होतं घरातल्या सगळ्यांत कोरड्या, उन्ह न येणाऱ्या खोलीत. म्हणजे त्याच्या आईच्या खोलीत, तिच्या पलंगासमोरच्या फळीवर. म्हातारी जन्मभर पुठ्ठ्याच्या कारखान्यात राबली. तिथली धूळ आणि गोंदाचा वास छातीत बसला तो कायमचा. आता ती दिवसातून दोनदा वाफेचं यंत्र तोंडाशी धरून बसते. गुडघ्यांमुळे जिना उतरणं जवळजवळ बंद. त्या खोलीत पलंग, औषधं, ते यंत्र, एक कपाट आणि कपाटात नवऱ्याचा कोट. नवरा मोठ्या हॉटेलच्या दारावर उभा असायचा, गाड्यांची दारं उघडायला. निळा कोट, पितळी बटणं. माणूस गेला, कोट राहिला. एवढा म्हातारीचा संसार, आणि समोर ते खोकं.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी शेरीफ तिच्या खोलीत जायचा. "आई, झोप लागली का?" एवढं विचारून, उत्तर यायच्या आत खोकं उचलायचा, कानाशी धरायचा आणि एकदाच हलवायचा. आधी जड घसरगुंडी, ते मोठे ठोकळे. मग वाळूसारखी बारीक सळसळ. आणि सगळं थांबल्यावर शेवटी एकटाच 'टक'. "हा घोडा," तो म्हणायचा आणि खोकं खाली ठेवून जायचा.

म्हातारी मागून ओरडायची, "अरे, लागली झोप! कुणी ऐकतंय का?"

हे हलवणं त्याचं एकट्याचं वेड नव्हतं. ठोकळे जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे, वाचनालयाच्या सभागृहात जमतात. चांगली मोठी, टक्कल पडलेली माणसं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं आणि त्यात एक मानाचं टेबल असतं, फक्त न उघडलेल्या खोक्यांसाठी. तिथे एक रीत आहे, तिला ते 'कान लावणं' म्हणतात. अध्यक्ष पांढरे हातमोजे घालतात, खोकं उचलतात, डोळे मिटतात, एकदा हलवतात आणि गंभीरपणे म्हणतात, "अस्पर्श!" मग टाळ्या. मी एकदा गेलो होतो बघायला. मला हसू आवरेना. म्हणून मला पुन्हा बोलावलं नाही.

या वर्षी शेरीफचं खोकं मानाच्या टेबलावर मांडायचं ठरलं होतं. कितीतरी वर्षं तो याच्यासाठी झुरला होता. डॉक्टरांनी स्वतः दुकानात येऊन सांगितलं, "या वेळी तुमचा नंबर." त्या दिवशी तो अर्धा तास एका खुर्चीवर बसला होता, असं लोक आश्चर्याने सांगत होते.

आणि प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात, एका सकाळी, त्याने खोकं हलवलं. घसरगुंडी. सळसळ. आणि शेवटी, 'टक'च्या जागी, 'टिण'.

पुन्हा हलवलं. टिण.

"आई, ऐकलंस?"

"काय?"

"टिण!"

"माझ्या वयाला टिण कसलं ऐकू येतंय. तू ऐकू येतोस तेवढं पुरे आहे मला."

त्याने बायकोला हाक मारली. ती तोंडात दातांचा ब्रश घेऊनच आली. त्याने खोकं तिच्या कानाशी धरून हलवलं. "आधीचा बरा, की आत्ताचा?"

"आधीचा कुठून ऐकू मी?"

मग त्याने आधीचा आवाज तोंडाने काढून दाखवला. घसरगुंडीचा, वाळूचा आणि शेवटी टाळूला जीभ लावून, टक. बायकोने शांतपणे चूळ भरली आणि म्हणाली, "अहो, दवाखान्यात माझ्यासमोर रोज माणसं येतात, हाडं मोडून. तीसुद्धा तुमच्याइतकी कण्हत नाहीत."

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? त्यात असं, की कुणीतरी खोकं उघडलंय असा अर्थ होत होता. उघडलं असेल, तर ते मानाच्या टेबलावर मांडणं म्हणजे शुद्ध लबाडी, आणि उघडकीला आलं तर मंडळातून तोंड काळं करून जायचं. पण उघडलंय की नाही हे बघायचं तर ते उघडायला हवं. आणि एकदा उघडलं की संपलंच, बंद खोकं म्हणून ते मेलं. न उघडता आत काय आहे ते कळायला हवं होतं, आणि तेही रविवारच्या प्रदर्शनाआधी.

त्याचं खाणंपिणं सुटलं. दुकानातलं मोठं भिंग घेऊन त्याने खोक्याची एकेक कड तपासली. चिकटपट्टी जशीच्या तशी, पुठ्ठ्याला सुरकुती नाही, बुडाच्या झडपा सरळ. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो खोकं तोलायचा, तसं आता रोज तोलायला लागला. वजन तेवढंच, कणभरही फरक नाही. म्हणजे काही गेलेलं नाही. मग टिण आलं कुठून?

मागच्या महिन्यात आईच्या कपाटाची बिजागरी बसवायला एक सुतार आला होता. शेरीफ त्याच्या कामाच्या जागी जाऊन उभा राहिला. आडून आडून विचारू लागला, त्या दिवशी खोलीत एकटे होतात का, फळीला हात लागला का. सुताराने रंधा खाली ठेवला. "साहेब, माझ्या घरी लाकडाची माणसं आहेत, दोन मुलगे. ऊठ म्हटलं तर उठत नाहीत. आता तुमची प्लास्टिकची नेऊन मी काय करू?"

तिथून हात हलवत आला, तर दुकानात गोंधळ. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा चष्मा त्याने एका ट्रकवाल्याला दिला होता, आणि ट्रकवाल्याचा बाईंना. ट्रकवाला हुशार, रस्ता धूसर दिसताच गाडी बाजूला लावून मोकळा झाला. बाईंनी मात्र दिवसभर तो चष्मा लावून भलत्याच मुलीला वर्गाबाहेर उभं केलं. त्या दुकानात येऊन जे बोलल्या ते मी माझ्या खिडकीतून ऐकलं. मला ऐकू कमी येतं हे खरं, पण काही गोष्टी बरोबर येतात.

त्याच रात्री बायकोने हात टेकले. "आणा ते खोकं उद्या दवाखान्यात. जेवणाच्या सुट्टीत. एकदाच. आणि पुन्हा माझ्यासमोर टिण म्हणायचं नाही."

चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांत आडवं धरून त्याने खोकं रस्त्याने नेलं. वाटेत भेटणारे बाजूला होत होते, काहींनी तर चेहरा पाडला. मी गॅलरीतून विचारलं, "कोण आजारी?" तो म्हणाला, "अजून कळलं नाही."

बायकोने खोकं फळीवर निजवलं, यंत्र वर ओढलं, ती पडद्याआड गेली आणि सवयीने म्हणाली, "श्वास रोखून धरा." खोक्याने धरला असेल, नसेल. शेरीफने नक्की धरला होता.

पडद्यावर चित्र आलं. प्लास्टिक अशा फोटोत धड दिसत नाही. सगळं गाव धुक्यात बुडाल्यासारखं. तुरुंग, हॉटेल, घोडे सगळे अंधूक सावल्या. आणि त्या धुक्यात, एका कोपऱ्यात, चंद्रासारखी लखलखीत एक वस्तू. वरून घुमटासारखी फुगीर, मागे एक बारीक कडी.

"हे काय?" तो कुजबुजला. "बंदुकीची गोळी?"

बायको जवळ जाऊन बघत राहिली. लोकांनी गिळलेल्या वस्तू बघण्यात तिचं आयुष्य गेलेलं. "बटण आहे," ती म्हणाली. "पितळी. कोटाचं."

घरात पितळी बटणांचा कोट एकच होता.

बायको हळूच म्हणाली, "तरीच. वाफेच्या यंत्रातलं पाणी हल्ली फार लवकर संपायचं. मला वाटलं, आईंचा खोकला वाढलाय."

शेरीफ खोकं घेऊन घरी आला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. आईच्या खोलीत गेला, तर ती वाफ घेत बसलेली. त्याने आधी खोकं फळीवर ठेवलं. मग कपाट उघडलं. कोटाचं वरून दुसरं बटण नव्हतं. दोऱ्याचं टोक मात्र नीट कापलेलं.

"आई."

तिने यंत्राकडे बोट दाखवलं, म्हणजे आत्ता बोलता येत नाही. तो येरझाऱ्या घालू लागला. यंत्रातलं पाणी संपलं, यंत्र गुरगुरायला लागलं, तरी म्हातारी मुखवटा काढेना. शेवटी त्यानेच यंत्र बंद केलं.

"कोटाचं बटण कुठाय?"

"माहीत आहे तर विचारतोस कशाला?"

"आई, ते खोकं बंद होतं! बंद!"

"बंदच आहे की. हात फिरवून बघ, कुठे उघडं लागतंय का." तिच्या आवाजात अपराधाऐवजी चक्क ऐट होती. "बुडाची झडप. नुसती वाफ द्यायची, घाई नाही करायची, पुठ्ठा आपणहून सुटतो. आतल्या पिशव्यासुद्धा कडेने कापून परत चिकटवल्यात. मी लावलेली झडप कारखान्यात कुणाची परत आली नाही, तुझ्या डॉक्टरला काय कळणार आहे?"

"पण मला माहीत आहे ना आता!"

"मग ते तुझं दुखणं. खोक्याचं नाही."

तो मटकन पलंगाच्या कडेवर बसला आणि लगेच उठला. "का उघडलंस पण? मी उघडणारच होतो. निवांत."

"निवांत!" म्हातारी हसली, हसता हसता खोकली. "अरे, तुला निवांत म्हणजे काय ते ठाऊक आहे का? तू दुकान बंद करणार कधी, बसणार कधी आणि मला ते दाखवणार कधी? रोज सकाळी येतोस, माझी विचारपूस करतोस, आणि कान लावतोस खोक्याला. दुपारभर घरात मी आणि ते. ते माझ्याकडे बघतंय, मी त्याच्याकडे. जन्मभर मी रिकामी खोकी चिकटवली. आत काय भरतात ते एकदाही बघायला मिळालं नाही. म्हटलं, एक तरी बघावं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुपारी सून दवाखान्यात, मुलगा खाली, की ही खोकं उतरवायची. जेवणाच्या ताटावर आधी तुरुंग बांधला, मग बँक, मग रोज थोडं थोडं करून हॉटेल. संध्याकाळच्या आत मोडून, पिशव्यांत भरून, झडप लावून, परत फळीवर. सकाळी हा कान लावायचा, तेव्हा ती डोळे मिटून पडलेली असायची आणि मनात म्हणायची, पास.

"आणि बटण?"

म्हातारीने उशाखालून चष्म्याचं घर काढलं. ह्याच्याच दुकानातलं, मखमलीचं. त्यात चष्मा नव्हता. त्यात बोटाच्या पेरांएवढा एक माणूस झोपला होता. भरघोस मिशा, निळा कोट, कोटावर रंगवलेली पिवळी बटणं. खोक्यावरच्या चित्रात तो अगदी कडेला होता, हॉटेलच्या दारात उभा. इतकी वर्षं खोक्याकडे बघून शेरीफचं त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. शेरीफला शेरीफच दिसणार.

"तुझ्या बापासारखा दिसतो," म्हातारी म्हणाली. "आणि बोलत नाही, म्हणून जास्तच आवडला. परत आत टाकवेना. पण तू वजन करतोस ते मला ठाऊक. त्याच्या वजनाचं काय घालावं म्हणून घरभर शोधलं. शर्टाची बटणं हलकी, चमचा जड. शेवटी हे बटण घातलं आणि काटा बरोबर जागेवर. म्हटलं, बरं आहे. तो बाहेर, त्याचं बटण आत."

मिशाळ माणूस शेरीफने तळहातावर घेतला, उभा केला, आडवा केला.

"तोसुद्धा असाच," आई म्हणाली. "दिवसभर दारात उभा. घरी आला तरी बसायचा नाही, पायांना सवयच नव्हती. मी म्हणायची, बसा हो जरा. म्हणायचा, एकदा निवांत बसू."

शनिवारी डॉक्टरांचा निरोप आला, "आणताय ना?" हा 'हो' म्हणाला, मग 'बघतो' म्हणाला, मग पुन्हा 'हो'. त्या दिवसात तो जिन्यावरून किती वेळा वर-खाली झाला ते मोजायचा मी नाद सोडला. बायकोला विचारी, "गप्प राहून मांडू की सांगून टाकू? कुणाला कळणार आहे?" बायको म्हणाली, "तुम्हाला कळलंय. आणि तुम्ही काय चीज आहात ते मला ठाऊक आहे. दर वर्षी ह्या दिवसांत मला जागं ठेवाल."

रविवारी म्हातारीने हट्ट धरला, मलाही यायचंय. खुर्चीसकट तिला उचलून जिना उतरवावा लागला. एका बाजूने सुतार, दुसऱ्या बाजूने शेरीफ. सभागृहात पहिल्या रांगेत तिला बसवलं. मला बोलावणं नव्हतंच, पण म्हातारीला सोबत हवी म्हणून मी शिरलो. नंतर लोक म्हणाले, मी मुद्दाम गेलो. गेलो असेन.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले. शेरीफचं खोकं उचललं. शेरीफ टेबलाशेजारी उभा, एक पाय दुसऱ्यावर, मग दुसरा पहिल्यावर. तोंड उघडायचा, मिटायचा. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि हलवलं.

घसरगुंडी. सळसळ. टिण.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? तो शेवटचा सूर ऐकलात? घंटेसारखा! इतकी खोकी मी ऐकली, असा निर्मळ आवाज कधी आला नाही. हा आवाज फक्त मानवी हात न लागलेल्या खोक्याचाच असू शकतो." आणि दोन्ही हात वर करून, "अस्पर्श!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत म्हातारी रुमालात तोंड खुपसून थरथरत होती. शेजारच्याला वाटलं, गहिवरली. मला विचाराल तर तिला हसू आवरत नव्हतं.

"डॉक्टर, थांबा," शेरीफ म्हणाला. त्याने खोकं त्यांच्या हातातून घेतलं, उलटं केलं आणि एका झटक्यात बुडाची झडप फाडली.

सभागृहातून असा आवाज निघाला की जणू कुणी भर रस्त्यात पडलं. डॉक्टर खुर्ची चाचपत खाली बसले. शेरीफने हात आत घातला, पिशव्या बाजूला सारल्या, बटण बाहेर काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"हा तुमचा निर्मळ सूर. माझ्या वडलांच्या कोटाचं बटण आहे. खोकं अस्पर्श नाही. आधीच उघडलेलं होतं."

"कुणी उघडलं?" डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले.

म्हातारीने वर्गात करतात तसा हात वर केला. "मी. पण झडप छान लागली होती ना?"

शेवटी डॉक्टरच सावरले. घसा खाकरून म्हणाले, "मी म्हणालोच होतो. आवाज वेगळा आहे."

मानाच्या टेबलावरून खोकं उतरवलं गेलं. त्याच्या जागी पांढरा रिकामा चौकोन राहिला, आणि मंडळाच्या शिस्तीप्रमाणे शेरीफचं नाव त्या टेबलासाठी पुन्हा कधी निघणार नाही. हा मान त्याने जन्मभर मागितला होता, आणि तो टाळ्या संपेपर्यंतच टिकला. एका काखेत फाटकं खोकं, दुसऱ्या हाताने आईची खुर्ची, असा तो घरी आला. रडवेला होता. पण बायको सांगते, त्या रात्री घोरत होता.

झोप उडाली ती मंडळाची. कारण आता प्रत्येकाच्या घरात एखादं बंद खोकं आहे, आणि प्रत्येकाच्या घरात कुणीतरी दुपारभर एकटं असतं. माणसं कामावरून मध्येच घरी येऊन खोकी हलवतात. बायका, सासवा, रिकामटेकडे मेहुणे, सगळ्यांकडे संशयाने बघणं चाललंय. सोमवारीच दातांचे डॉक्टर वहिनींच्या दवाखान्यात येऊन उभे. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. "वहिनी," म्हणाले, "एक फोटो काढाल का? खाजगी आहे." वहिनींनी विचारलं, "उपाशीपोटी आलाय ना?"

गाव आता म्हातारीच्या खोलीत, त्याच फळीवर उभं आहे. मायलेकांनी मिळून बांधलं. म्हणजे तिने बांधलं, तो उभ्याने सूचना देत होता आणि ती त्याला गप्प बसवत होती. "अरे, मी हे कितीदा बांधलंय, तुझं पहिलंच आहे." बटण कोटावर परत शिवलंय. आणि तो मिशाळ माणूस हॉटेलच्या दारात आहे. निदान मी शेवटचं बघितलं तेव्हा होता. कारण दुकानात गिऱ्हाईक नसलं की शेरीफ वर येतो, त्याला दारातून उचलून घोडागाडीशेजारी ठेवतो, लांब होऊन बघतो.

"आई, आधीचं बरं, की आत्ताचं?"

परवा मी तिथेच बसलो होतो. म्हातारी डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "आधीचं."

"न बघताच?"

"बघून काय करू? तू परत हलवणारच आहेस. मी झोपेतून उठल्यावर सांगते. आणि हो, लागली होती झोप, विचारलंस तर."